रोज सकाळी निफ्टी कुठं जाणार हे सांगणं आता बंद करायला पाहिजे

गेली सहा वर्षं रोज सकाळी साडेसातच्या आत मी एक मेसेज टाकायचो. मार्केटला सुट्टी असेल तो दिवस सोडला तर कधी चुकवला नाही, अंगात ताप असताना टाकलाय, भाचीच्या लग्नात मांडवात बसून टाकलाय. वर सुप्रभात, मग चार-पाच ओळी मनातल्या, म्हणजे आज सांगलीत कृष्णेच्या घाटावर धुकं किती होतं, आई थंडीत चुलीपुढं बसून काय म्हणायची, रिटायर झाल्यावर सकाळ किती मोठी वाटायला लागते असलं काहीतरी, आणि मग खाली मार्केट. अमेरिकेचा डाऊ किती पॉइंटनी वर-खाली बंद झाला, गिफ्ट निफ्टी काय दाखवतोय, क्रूड म्हणजे कच्चं तेल, डॉलर, एफआयआयनी म्हणजे परदेशी फंडांनी काल किती विकलं, आणि सगळ्यात शेवटी निफ्टी (मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) आणि बँक निफ्टी (बँकांच्या शेअरचा) यांचे सपोर्ट-रेझिस्टन्स, म्हणजे भाव पडताना कुठं थांबेल आणि चढताना कुठं अडेल ते आकडे, यालाच आम्ही लेव्हल म्हणतो. सुरुवातीला आठ-दहाच जण होतो, बँकेतले जुने सहकारी, मग त्यांची पोरं आली, पोरांचे मित्र आले, असं करत करत दोनशेच्या वर माणसं झाली.

मागच्या सोमवारपासनं मी खालचा भाग बंद केलाय. वरच्या चार ओळी चालू आहेत. त्या दिवसापासनं "काका लेव्हल कुठाय", "काका आज व्ह्यू नाही का", "काका तब्येत बरी आहे ना" असे इतके मेसेज आणि फोन आलेत की प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढावं म्हणलं. आणि हे माझ्या एकट्याच्या मेसेजपुरतं नाहीये, सकाळी उठल्या उठल्या मार्केटची दिशा सांगणारे महाराष्ट्रात आज गावोगावी आहेत, टीव्हीवर आहेत, मोबाइलवर आहेत, आणि ती दिशा ऐकून सव्वानऊला बटण दाबणारे त्याच्या कितीतरी पट आहेत. माझं म्हणणं सरळ आहे, सकाळचा हा अंदाज कुणीच देऊ नये, आणि ज्या गोष्टीमुळं या अंदाजाला एवढं गिऱ्हाईक मिळालंय ती साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे दर आठवड्याला मुदत संपणारे ऑप्शनचे सौदे, मार्केटवर देखरेख करणाऱ्या सेबीनं पूर्ण बंद करावी.

आधी हा मेसेज तयार कसा होतो ते सांगतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं काकांनी रात्रभर अभ्यास केलाय. साडेपाचला उठायचं, चहा ठेवायचा, अमेरिकेचं मार्केट काय झालं ते बघायचं. साडेसहाला गिफ्ट निफ्टी, म्हणजे निफ्टीवरचाच वायदा, सुरू होतो, पूर्वी हाच सिंगापूरला चालायचा, जुलै २०२३ मध्ये गुजरातला गिफ्ट सिटीत आला, तो वर दिसला की लिहायचं आज गॅप अप, म्हणजे कालच्यापेक्षा वर उघडणार, खाली दिसला की गॅप डाउन. मग कालचा हाय, कालचा लो आणि बंद भाव घेऊन लेव्हल काढायच्या, ते गणित पाचवीतलं पोरगं पण करेल. आता यातली कुठली गोष्ट अशी आहे जी मला माहितीय आणि मार्केटला माहिती नाही? एकही नाही. नऊ ते सव्वानऊ प्री-ओपन चालतं, त्यात देशभरातल्या ऑर्डरी जुळून ओपनिंगचा भाव ठरतो, म्हणजे डाऊ, क्रूड, गिफ्ट निफ्टी हे सगळं सव्वानऊच्या पहिल्या भावात आधीच येऊन बसलेलं असतं. मी साडेसातला जे सांगायचो ते सव्वानऊला शिळं व्हायचं, आणि त्याच्यानंतर काय होणार ते मला तुमच्याइतकंच माहीत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझे जुने मेसेज काढून बसलो, वही घेऊन, काय सांगितलं होतं आणि काय झालं ते समोरासमोर लिहायला लागलो. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की बहुतेक मेसेज तपासताच येत नाहीत. "२४,५०० च्या वर टिकला तर तेजी, खाली आला तर दबाव" असं लिहिलं की मार्केट काहीही करू दे, मी बरोबरच. सहा वर्षं मी हे लिहीत होतो आणि मला स्वतःला ते कळलं नव्हतं. जे थोडे मेसेज तपासता आले त्यात बरोबर किती, चूक किती असं बघितलं तर नाणं उडवून पण तेवढंच जमलं असतं. आणि लोकांच्या लक्षात फक्त बरोबर आलेलेच राहिले होते, चुकलेला एकाही माणसाला आठवत नव्हता, मला पण नव्हता आठवत.

याच्यापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट दुसरी आहे आणि ती मी अजून कुठं वाचलेली नाही. त्या वरच्या चार ओळी. आईबद्दल, नदीबद्दल, मनाबद्दल. मला वाटायचं त्या ओळी म्हणजे माझा आनंद आहे, मार्केटच्या रुक्ष आकड्यांना जरा ओलावा. पण झालं असं की त्या ओळींमुळं माणसं माझ्यावर विश्वास ठेवायला लागली, हा माणूस आईची आठवण काढतो, खरं बोलतो, पैसे मागत नाही, मग याची लेव्हल पण खरीच असणार. मनातलं लिहून मिळालेला विश्वास मी नकळत आकड्यांना लावत होतो. सकाळची वेळ पण तशीच असते, माणूस नुकताच उठलेला असतो, देवपूजा झालेली असते किंवा व्हायची असते, मन मऊ असतं, त्या वेळी जे कानावर पडतं ते आत जातं. संध्याकाळी दमून आल्यावर तोच मेसेज वाचला असता तर दहा प्रश्न विचारले असते. टिप देऊन पैसे घेणाऱ्या माणसापासनं लोक थोडेतरी सावध असतात, सुप्रभात म्हणणाऱ्या काकांपासनं कोण सावध राहणार.

३ जून २०२४ चं सांगतो. शनिवारी १ तारखेला मतदानाचा शेवटचा टप्पा संपला आणि संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी सकाळी गिफ्ट निफ्टी शेकडो पॉइंट वर होता आणि मी लिहिलं की २३,२०० च्या वर टिकला तर २३,६०० लांब नाही. त्या दिवशी सेन्सेक्स अडीच हजार पॉइंट वाढून बंद झाला, निफ्टी २३,२६३ ला. ग्रुपवर नुसता वर्षाव, काका मानलं तुम्हाला. माझ्या एका मित्राचा मुलगा, कुपवाड एमआयडीसीत कामाला, महिन्याला हातात अठरा हजार, त्यानं त्या दिवशी त्या आठवड्याचे २३,२०० चे कॉल घेतले, म्हणजे गुरुवारपर्यंत निफ्टी २३,२०० च्या वर जाईल यावर लावलेले ऑप्शन, पाच लॉट म्हणजे पाच गठ्ठे, सगळे मिळून ४५-५० हजार रुपये गेले असतील. मला त्याचं काही माहिती नव्हतं. मंगळवारी ४ जूनला निकाल लागला आणि सेन्सेक्स ४,३८९ पॉइंटनी पडला, निफ्टी २१,८८४ ला बंद. त्याच्या कॉलचं दुपारपर्यंत पाणी झालं. बुधवारी मार्केट वर आलं, त्याला वाटलं येईल परत, ठेवले. गुरुवारी ६ तारखेला एक्स्पायरी, निफ्टी २२,८२१ ला बंद, कॉल शून्य. आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी ७ तारखेला, निफ्टी २३,२९० ला बंद झाला, म्हणजे सोमवारच्या पण वर.

हे मी परत परत वाचलंय. चार दिवसांत मार्केट जिथं होतं तिथं आलं. ज्याच्याकडं शेअर होते, म्युच्युअल फंड होते, त्यानं आठवडाभर मोबाइल बघितला नसता तर काही झालंय हे सुद्धा त्याला कळलं नसतं. त्या पोराची दिशा पण शेवटी चुकलेली नव्हती, २३,२०० च्या वर बंद झालाच निफ्टी, फक्त एक दिवस उशिरा. पण त्याच्या कॉलला गुरुवारच्या पुढं आयुष्यच नव्हतं. आठवड्याच्या ऑप्शनमध्ये तुम्हाला दिशा बरोबर पाहिजे, किती ते बरोबर पाहिजे आणि कधी ते पण बरोबर पाहिजे, आणि या तीनपैकी एक चुकलं की सगळे पैसे. त्याचे वडील महिनाभरानं फिरायला भेटले तेव्हा हे बोलले, रागानं नाही, नुसतंच सांगितलं, की पोरानं तुमचा मेसेज बघून घेतलं होतं. मी काय बोलणार. मी पैसे घेत नव्हतो, "खरेदी करा" असं कधी लिहिलं नव्हतं, खाली "स्वतःच्या जबाबदारीवर" असं रोज लिहायचो. तरी ते ५० हजार माझ्या डोक्यावर आहेत असं मला तेव्हाही वाटलं आणि आज पण वाटतं.

तेव्हा सुद्धा मी बंद केलं नाही. दीड-दोन वर्षं अजून चालू ठेवलं, जरा जास्त जपून लिहायला लागलो एवढंच. कारण मला वाटायचं हा एका पोराचा उतावळेपणा. नंतर सेबीचे आकडे नीट वाचले.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनं जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ अशी तीन वर्षं घेतली होती. फ्युचर-ऑप्शनमध्ये, म्हणजे वायद्याच्या सौद्यांत, ट्रेड करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. १ कोटी १३ लाख माणसं, तोटा सगळा मिळून १ लाख ८१ हजार कोटी. खर्च वजा जाता वर्षाला लाखापेक्षा जास्त कमावणारे शंभरात एक. या लोकांनी तीन वर्षांत नुसत्या ब्रोकरेज, टॅक्स, एक्स्चेंजची फी अशा खर्चावर साधारण ५० हजार कोटी घातले. आणि त्यातले पाऊण लोक असे की ज्यांनी स्वतःचं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलेलं आहे. सगळ्यात जास्त ट्रेडर कुठल्या राज्यातले, तर आपल्या महाराष्ट्रातले. तिशीच्या आतली पोरं २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होती ती एका वर्षात ४३ टक्के झाली. मग समोर कमावतोय कोण? परदेशी फंड आणि स्वतःच्या पैशानं ट्रेड करणाऱ्या मोठ्या फर्म, आणि त्यांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांपेक्षा जास्त भाग अल्गोनं, म्हणजे मशीननं केलेल्या सौद्यांतनं आलाय. कुपवाडचं पोरगं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ज्याच्याशी सौदा करतंय तो समोरचा माणूस नाहीच.

पुढच्या वर्षाचा, २०२४-२५ चा, अभ्यास आला जुलै २०२५ मध्ये. ९१ टक्के तोट्यात, एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर. मधे सेबीनं नियम कडक केले, ते पुढं सांगतो, त्यानंतरचं पण चित्र त्यात आहे, म्हणजे नियम झाले, लोक थोडे कमी झाले, उरलेल्यांचा तोटा काही थांबला नाही.

काही जण म्हणतात की काका ऑप्शन तर २००१ पासनं आहेत, आताच काय झालं. बरोबर आहे, आहेत, पण तेव्हा महिन्याची एक्स्पायरी होती. बँक निफ्टीचे साप्ताहिक आले २०१६ ला, निफ्टीचे २०१९ ला. मग हळूहळू असं झालं की सोमवारी मिडकॅप निफ्टी, मंगळवारी फिन निफ्टी, बुधवारी बँक निफ्टी, गुरुवारी निफ्टी, शुक्रवारी सेन्सेक्स, म्हणजे आठवड्यात एकही दिवस बिनएक्स्पायरीचा नाही. याच्यात २०२० चं लॉकडाउन, घरी बसलेली माणसं, पाच मिनिटांत उघडणारं डीमॅट. मार्च २०२० ला देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, ऑगस्ट २०२५ पर्यंत वीस कोटींच्या वर गेली. खाती वाढली याचं मला वाईट वाटत नाही, उलट आमच्या वेळी शेअर घ्यायचा म्हणजे कागदी सर्टिफिकेट, ट्रान्सफर फॉर्म, सह्या जुळत नाहीत म्हणून परत आलेली पाकिटं, ते सगळं गेलं हे फार चांगलं झालं. वाईट एवढ्याचंच वाटतं की ज्या दारातनं लोक गुंतवणुकीला आले त्याच दारात रोजच्या पैजेचं दुकान मांडून ठेवलेलं होतं. आणि रोज पैज असली की रोज सकाळी अंदाज लागतोच. महिन्याभराची पोझिशन असलेला माणूस सकाळी साडेसातला लेव्हल विचारत नाही. साप्ताहिक एक्स्पायरी वाढत गेली तसा माझ्या मेसेजला भाव आला, हे मला आता मागं वळून बघताना कळतंय, माझं लिखाण काही तेव्हापासनं सुधारलं नव्हतं.

सेबीनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानं एका एक्स्चेंजला एकाच इंडेक्सची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवली, कॉन्ट्रॅक्ट मोठं केलं, निफ्टीचा लॉट २५ चा ७५ झाला. सप्टेंबर २०२५ पासनं निफ्टी मंगळवारी आणि सेन्सेक्स गुरुवारी असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये असं पण सांगितलं की शिकवायच्या नावाखाली चालू भाव वापरायचे नाहीत, तीन महिने जुने वापरायचे. आणि २०२३ पासनं ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन केलं की आधी पाटी येते, दहापैकी नऊ जण तोट्यात जातात म्हणून. ती पाटी मी रोज बघायचो. अंगठा आपोआप "मला समजलं" वर जातो, वाचायच्या आत. सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र ओढणाऱ्याला जसं दिसेनासं होतं तसं.

मोठ्यांचा खेळ कसा चालू शकतो याचं एक प्रकरण सगळ्यांनी पेपरात वाचलंय पण नीट समजून घेतलं नाही असं मला वाटतं. जुलै २०२५ मध्ये सेबीनं जेन स्ट्रीट या अमेरिकन फर्मविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटी रुपये जमा करायला लावले. कंपनीनं आरोप नाकारलेत हे पण सांगितलं पाहिजे. आदेशात १७ जानेवारी २०२४ चा दिवस तपशिलात दिलाय. सेबीचं म्हणणं असं की सकाळच्या सत्रात बँक निफ्टीतले शेअर आणि फ्युचर यांची ४,३७० कोटींची खरेदी झाली, त्यानं इंडेक्सला आधार मिळाल्यासारखं दिसलं, त्याच वेळी ऑप्शनमध्ये त्याच्या कितीतरी पट मोठी मंदीची पोझिशन घेतली गेली, आणि दुपारी ती खरेदी विकून टाकली. त्या एका दिवशी ऑप्शनमध्ये जवळपास ७३५ कोटींचा नफा. यातलं खरं-खोटं ठरवायचं काम ज्यांचं आहे ते ठरवतील, पण मला त्यातली सकाळ दिसते. सकाळी खरेदी दिसली की आम्हीच लिहिणारे, बँक निफ्टीला खालच्या लेव्हलला सपोर्ट मिळतोय. सेबी म्हणते ते खरं असेल तर तो सपोर्ट कुणीतरी तयार करून आमच्या पुढ्यात ठेवलेला होता आणि आम्ही तो सुप्रभात म्हणून घरोघरी वाटला.

इथं सांगलीत लेव्हल या शब्दाला दुसरा पण अर्थ आहे, तो सगळ्यांना माहितीय. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, आयर्विन पुलाला पाणी किती. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं आणि निम्मं गाव पाण्यात होतं. तेव्हा पण ग्रुपवर मी लेव्हल टाकायचो, आणि त्या मेसेजवर माणसांनी फ्रीज माडीवर चढवलेत, म्हातारी माणसं पाहुण्यांकडं हलवलीत. एकानं मला विचारलं, तो अंदाज चालतो आणि निफ्टीचा चालत नाही असं कसं? फार चांगला प्रश्न आहे. कोयनेतनं किती पाणी सोडलंय, वर पाऊस किती झालाय, हे मोजलेलं असतं, आणि ते पाणी खाली येणार म्हणजे येणारच. आणि मुख्य म्हणजे नदी आपला अंदाज वाचत नाही. आपण ४३ फूट म्हणलं म्हणून ती ४० ला थांबत नाही. मार्केट वाचतं. सगळ्यांनी मिळून एकाच लेव्हलच्या खाली स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथं आला की आपोआप विकायची ऑर्डर, लावला की ती लेव्हल तोडण्यातच कुणाचातरी फायदा असतो, आणि सगळ्यांना एकच लेव्हल कुणी दिली, तर आम्ही सकाळी अंदाज देणाऱ्यांनी.

आता जे विरोधात बोललं जातं ते. पहिलं म्हणजे माणूस सज्ञान आहे, त्याचे पैसे आहेत, काकांना काय अधिकार. यात तथ्य आहे आणि मी कुणाला शेअर घ्यायला किंवा महिन्याच्या ऑप्शनला अडवा म्हणत नाही. पण लॉटरीवर सरकार नियम करतं, खासगी सावकारीवर करतं, तेव्हा आपण असं म्हणत नाही की सज्ञान आहे, घेऊ दे दहा टक्के महिन्यानं. जिथं दहातले नऊ बुडतात हे सरकारच्याच संस्थेनं तीनदा मोजून सांगितलंय, तिथं मोजून झाल्यावर पुढचं पाऊल टाकायला नको?

दुसरं, हेजिंग, म्हणजे भाव पडायच्या भीतीपासनं संरक्षण. सांगलीच्या माणसाला वायदा शिकवायला नको, हळदीचे वायदे या गावात आमच्या वडिलांच्या काळात चालायचे. ज्याच्या गोदामात माल पडलाय त्याला भाव पडायची भीती असते, त्यानं वायद्यात विकून ठेवलं तर तो रात्री झोपतो, ही फार शहाणपणाची सोय आहे. शेअरमध्ये पण ज्याचा वीस-पंचवीस लाखांचा पोर्टफोलिओ आहे त्यानं पुट, म्हणजे भाव पडला तर भरपाई देणारा ऑप्शन, घेऊन ठेवावा, जरूर घ्यावा. पण त्याला महिन्याचा पुट चालतो, तीन महिन्यांचा चालतो. मंगळवारी दुपारी दोन वाजता दीड तासात मरणारा ऑप्शन घेऊन कुणाचं कुठलं संरक्षण होतं? एक्स्पायरीच्या दुपारी जे चालतं त्याला पोरं झिरो टू हिरो म्हणतात, त्या नावातच सगळं आलं.

तिसरं, इथं बंद केलं तर डब्बा वाढेल. म्हणजे एक्स्चेंजवर न जाता पेढीवरच, वहीत, रोखीनं चालणारे बेकायदा सौदे. ही भीती खरी आहे, आमच्या भागात डब्बा काय असतो ते मी जवळनं बघितलंय, त्यात घरं गेलीत लोकांची. म्हणून मी असं नाही म्हणत की एका रात्रीत बंद करा आणि हात झटका. आधी तारीख जाहीर करा, वर्षभराची मुदत द्या, आणि डब्बेवाल्यांवर पोलिसांनी त्याच काळात कारवाई करावी. पण बेकायदा दुकान वाढेल म्हणून कायदेशीर दुकान तसंच चालू ठेवा, या तर्कानं कुठलीच गोष्ट कधी बंद झाली नसती. आणि एक्स्चेंज, ब्रोकर, सरकार तिघांचंही उत्पन्न या उलाढालीवर आहे, म्हणून यावर कुणी मोकळेपणानं बोलत नाही असं मला वाटतं, एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, पण शेवटी यातनंच मिळतो.

ग्रुपमधल्या एका बाईंनी मला विचारलं, त्या शिक्षिका होत्या, की मग भाऊ आम्ही सकाळी करायचं काय, सवय लागलीय. त्यांना मी हरिपूरच्या पेवांचं सांगितलं. नव्या पोरांना माहिती नसतं म्हणून लिहितो. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणलेली होती, त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती लिंपायची. आत हवा नाही, कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. भाव आला की व्यापारी पेव उघडायचे. मधल्या काळात रोज सकाळी माती उकरून हळद कशी आहे बघायला कुणी जायचं नाही, बघायला उघडलं की हवा गेली आणि माल खराब झाला. माझे वडील अडत दुकानात दिवाणजी होते, ते सांगायचे की एका पेवाची पावती दोन-दोन, तीन-तीन वर्षं कपाटात पडून असायची. मी १९९४ ला पहिले शेअर घेतले ते याच बुद्धीनं घेतले होते. त्यातले काही अजून आहेत. रोजचा मेसेज लिहायला लागल्यापासनं मात्र ते विकायची बुद्धी मला दर दोन महिन्यांनी व्हायला लागली होती, सकाळच्या आकड्यांनी माझं स्वतःचं मन पण उकरून ठेवलं होतं.

पेवात धोका नव्हता असं नाही. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि हळद सडून गेली, कित्येक पेवं त्यानंतर वापरात राहिली नाहीत. शेअर मार्केटमध्ये पण असा पूर येतो, मार्च २०२० मध्ये २३ तारखेला एका दिवसात सेन्सेक्स १३ टक्के पडला होता, माझा पोर्टफोलिओ बघून मला जेवण गेलं नव्हतं. असल्या दिवसासाठी एफडी वेगळी ठेवायची, सगळं एकाच पेवात भरायचं नाही, पुढच्या तीन-चार वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये घालायचा नाही, हे मी सांगू शकतो आणि सांगत राहीन, कारण हे आज जेवढं खरं आहे तेवढंच पुढच्या मंगळवारी पण खरं असेल.

माझ्यासारखे सकाळी लिहिणारे बरेच जण हे वाचतील. त्यांना हात जोडून सांगणं आहे की जमत नसेल बंद करायला तर निदान एवढं करा, आजचा अंदाज लिहायच्या आधी कालचा अंदाज तसाच्या तसा वर चिकटवा आणि त्याच्या खाली काय झालं ते लिहा. रोज. चुकला तर चुकला असा शब्द लिहा. महिनाभर हे करून बघा. मी दिवाळीत दोन दिवस केलं आणि माझा हात त्या लेव्हल लिहायला कचरायला लागला, तरी सवयीनं दोन-अडीच महिने कसंबसं ओढलं.

सोमवारपासनं नऊ जण ग्रुपमधनं गेलेत. एकानं जाताना लिहिलं की काका आता नुसतं नदी आणि धुकं वाचायला वेळ नाही, ते मी समजू शकतो. कुपवाडच्या त्या पोराचा मात्र फोन आला होता परवा. तो अजून ट्रेड करतो, कमी करतो म्हणाला, मला ते खरं वाटलं नाही पण मी काही बोललो नाही. म्हणाला, काका, पुढच्या मंगळवारी एक्स्पायरी आहे, ग्रुपवर नका टाकू, मला एकट्याला तेवढं सांगा वरची लेव्हल. मी त्याला रविवारी सकाळी घाटावर बोलावलंय, येताना तीन वर्षांचं ब्रोकरचं स्टेटमेंट प्रिंट काढून आण म्हणून सांगितलंय, मी वही आणि पेन घेऊन बसणार आहे.